नोकरी गेली, आता कायमचं निवृत्त व्हावं का? बडोद्यातल्या घराचा हिशेब

पन्नाशीच्या आसपास नोकरी गेली की घरात दोन वाक्यं ऐकू येतात. "आता दुसरीकडे कोण घेणार?" आणि "पुरे झालं, आहे त्यात भागवू." दोन्ही वाक्यं मनाच्या अवस्थेतून येतात, हिशेबातून नाही. आहे त्यात भागेल की नाही, हे कागदावर मांडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. तो कागद कसा मांडायचा, हे पहिल्यांदाच या प्रसंगातून जाणाऱ्यांसाठी इथे लिहिलं आहे.

बडोद्यातल्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट असते. आजोबा संस्थानात, वडील रेल्वेत, बँकेत किंवा युनिव्हर्सिटीत. निवृत्ती म्हणजे महिन्याच्या महिन्याला पेन्शन, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. पण पुढची पिढी मकरपुरा, नंदेसरी, सावली, हालोलच्या खाजगी कारखान्यांत गेली. तिथे निवृत्तीचा अर्थ वेगळा आहे: एक रक्कम हातात येते, आणि तीच आयुष्यभर पुरवायची असते. हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, तेव्हा कितीतरी घरांना हा फरक एकदम समोर दिसला.

पायरी १: सहीची घाई करू नका

कंपनी पुष्कळदा म्हणते, "राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील." सही करण्याआधी कागद घरी आणा आणि एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. स्वतःहून दिलेला राजीनामा आणि कंपनीने केलेली कपात यात पैशांचा मोठा फरक आहे. कायद्याच्या भाषेत जे 'कामगार' ठरतात आणि ज्यांची सलग एक वर्षाची नोकरी झाली आहे, त्यांना कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. मॅनेजर किंवा वरच्या सुपरवायझरला हे सहसा लागू होत नाही. त्यांनी अपॉइंटमेंट लेटरमधली नोटीसची अट काढून वाचावी.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांबद्दल कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, मात्र हुद्दा कुठलाही असो, पाच वर्षं झाली असली की मिळते, राजीनामा दिला तरी. शेवटचा बेसिक (मूळ पगार) आणि डीए (महागाई भत्ता) यांची बेरीज, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिक-डीए ४०,००० आणि नोकरी २४ वर्षांची असेल, तर साधारण साडेपाच लाख. वीस लाखांपर्यंत करमुक्त. ती तीस दिवसांत मिळायला हवी. उशीर झाला तर व्याज मागण्याचा हक्क आहे.

रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६, शिल्लक रजेच्या पैशांचा हिशेब आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवलेली असणं, या चार गोष्टी हाती आल्याशिवाय ऑफिसचा पिच्छा सोडू नका. शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि पुढे पीएफचा दावा अडकतो.

पायरी २: पीएफ तसाच राहू द्या

पीएफची रक्कम मोठी दिसते आणि ती लगेच काढून एफडीत टाकावी असं वाटतं. घाई कशाला? नोकरी सुटली तरी ५८ वर्षं वयापर्यंत खात्यावर व्याज चालू राहतं. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचा दर ८.२५ टक्के होता. नोकरी सुटल्यानंतरच्या काळातल्या व्याजावर मात्र कर लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

आणि पेन्शन? पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, म्हणजे ईपीएस ९५ ची, पेन्शन मिळते, पण तिच्यावर घर चालेल अशी आशा धरू नका. हिशेब खऱ्या पगारावर होत नाही. सप्टेंबर २०१४ पासूनच्या नोकरीसाठी १५,००० रुपये आणि त्याआधीच्या नोकरीसाठी ६,५०० रुपये ही पगाराची कमाल मर्यादा धरतात. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात. पंधरा वर्षं २०१४ च्या आधीची आणि अकरा नंतरची असतील, तर महिन्याला चार हजारांच्या आसपास रक्कम येते. तीही ५८ व्या वर्षापासून, आणि महागाईबरोबर ती वाढत नाही. दहा वर्षं नोकरी झालेल्याला पन्नाशीनंतर लवकर सुरू करता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. आज हातात चार पैसे हवेत म्हणून ५१ व्या वर्षी ती चालू करू नका, असंच मी प्रत्येकाला सांगतो.

पायरी ३: खर्चाची खरी वही

इथे सर्वात जास्त वेळ द्या. खर्च विचारला की लोक महिन्याचा आकडा सांगतात, आणि तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा बराच कमी असतो. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च डोक्यात महिन्याच्या खात्यात बसतच नाहीत. म्हणून बँकेचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट छापून घ्या, यूपीआयचे छोटे व्यवहारही धरा, आणि नवरा-बायको दोघं मिळून ओळीओळीने खूण करत जा.

समजा, मांजलपूरला स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज नाही. नवरा ५१, बायको ४८, मुलगी कलाभवनात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि ७६ वर्षांची आई सोबत. महिन्याचं असं निघतं: किराणा, दूध, भाजी १४,०००, लाईट बिल, गॅस आणि सोसायटीचं मेंटेनन्स ६,०००, पेट्रोल आणि मोबाईल ५,०००, कामवाल्या मावशी ३,०००, आईची औषधं ३,०००, सणवार, येणं-जाणं, बाहेरचं खाणं ४,०००. एकूण ३५,०००. इथवर सगळेच पोचतात.

आता वर्षाचे खर्च. आरोग्य विमा ६०,०००. कॉर्पोरेशनचा वेरो (घरपट्टी), गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३५,०००. लग्नकार्यं, आहेर, पुण्या-मुंबईच्या फेऱ्या ४५,०००. घराची दुरुस्ती आणि बिघडलेल्या वस्तू बदलणं ४०,०००. हे १,८०,००० झाले. महिन्याच्या खर्चाचे वर्षाला होणारे चार लाख वीस हजार त्यात मिळवले की वर्षाचे सहा लाख. ३५,००० म्हणणारं घर खरं तर ५०,००० चं आहे.

दुरुस्तीच्या आकड्याला कात्री लावू नका, बडोद्यात तर नाहीच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे फ्रिज, वॉशिंग मशीन, पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पगार चालू असताना हा फटका वर्षभरात भरून निघतो. पगार नसताना तो मुद्दलातून जातो. तुमचं घर नदीच्या किंवा नाल्याच्या पाण्याच्या वाटेवर असेल, तर घराचा विमा घ्या, आणि गाडीच्या विम्यात इंजिनाचं जादा संरक्षण आहे का ते पाहा, कारण पाणी शिरून बिघडलेलं इंजिन साध्या विम्यात सहसा धरत नाहीत.

नोकरीमुळे होणारे खर्च कमी होतील हे खरं. पण दुपारी घरात एसी, पंखा चालतो, वेळ असल्याने फिरणं वाढतं, नातेवाइकांकडे जाणं वाढतं. पहिल्या वर्षी खर्च घटतो असं गृहीत धरू नका.

पायरी ४: आरोग्य विमा, नोकरीचा शेवटचा दिवस येण्याआधी

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो, आणि त्यात आई-वडील असतील तर त्यांचंही छत्र जातं. म्हणून एचआरकडून विमा कंपनीचं नाव घेऊन लेखी विचारा: आम्हाला याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचं आहे, जुन्या वर्षांचा फायदा धरून. ही सोय नियमांत आहे आणि ती मुदतीतच मागावी लागते. नवी पॉलिसी कोरी घेतली, तर डायबेटिस, बीपीसारख्या आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पन्नाशीत तेवढा काळ विम्याशिवाय काढणं धोक्याचं आहे.

सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे थोडा भार हलका झाला. तरी वय वाढेल तसा हप्ता वाढतोच. वहीत विम्याचा आकडा धरताना तो महागाईपेक्षा वेगाने वाढेल असंच धरा. आईसाठी सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड आजच काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार त्यात येतात. ज्यांचा पगार ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) मर्यादेत होता, त्यांनी ईएसआय ऑफिसात बेकारी भत्ता आणि पुढच्या वैद्यकीय सोयीबद्दल विचारावं. पुष्कळांना हे हक्क आहेत हेच माहीत नसतं.

पायरी ५: रुपये मोजू नका, वर्षं मोजा

आता त्याच घराचं गाठोडं पाहू. पीएफ ५२ लाख, ग्रॅच्युइटी साडेपाच, रजेचे आणि भरपाईचे साडेनऊ, एफडी २८, म्युच्युअल फंड ३५, पीपीएफ २०. बेरीज दीड कोटी. दीड कोटी ऐकलं की कुणीही म्हणेल, निवांत बसा.

आधी त्यातून जे आपलं नाही ते बाजूला काढा. मुलीच्या उरलेल्या शिक्षणाचे चार लाख. तिचं पुढचं शिक्षण किंवा लग्न, सोळा लाख. आजारपण आणि संकटासाठी हात न लावायचे दहा लाख. उरले एक कोटी वीस लाख. त्याला वर्षाच्या सहा लाखांनी भागा. वीस वर्षं.

भागाकार इतका साधा का? कारण एफडीसारख्या ठिकाणी मिळणारं व्याज कर गेल्यावर जवळपास महागाई खाऊन टाकते. महागाई ६ टक्के असेल तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे ५०,००० तेव्हा एक लाख. म्हणून 'एक कोटीवर ७ टक्के, वर्षाला सात लाख, झालं काम' हा हिशेब पहिली दोन-चार वर्षंच खरा राहतो. सगळं आजच्या रुपयांत मोजा, व्याज आणि महागाई समसमान धरा, म्हणजे डोळ्यांपुढे खोटं चित्र उभं राहत नाही.

वीस वर्षं म्हणजे नवऱ्याचं वय ७१ आणि बायकोचं ६८. हिशेब नेहमी दोघांपैकी लहान असलेल्याच्या नव्वदीपर्यंत करा. आपल्या घरांत ती बहुतेक वेळा बायको असते, आणि शेवटची वर्षं एकटीने काढण्याची वेळ तिच्यावरच येते. म्हणजे इथे हवी होती बेचाळीस वर्षं, आणि आहेत वीस.

पैसे थोडे बरे गुंतवले आणि महागाईपेक्षा २ टक्के जास्त मिळाले असं धरू. मुलगी कमावती झाल्यावर साठीनंतर खर्च ५ लाख ४० हजारांवर येतो असंही धरू. तरी पैसे नवऱ्याच्या ७९ व्या वर्षी, बायकोच्या ७६ व्या वर्षी संपतात.

आता त्याच घरात नवऱ्याने साठीपर्यंत महिन्याला फक्त १५,००० मिळवले तर? पैसे त्याच्या ८४ व्या वर्षापर्यंत जातात. ३०,००० मिळवले तर? वर्षाला मुद्दलातून २ लाख ४० हजारच काढावे लागतात, म्हणजे एक कोटी वीस लाखांचे बरोबर २ टक्के. साठाव्या वर्षी आजच्या किमतीत सगळी रक्कम जशीच्या तशी शिल्लक असते, आणि पुढे नवऱ्याच्या नव्वदीपर्यंत, म्हणजे बायकोच्या ८७ पर्यंत पुरते. जुन्या पगारापेक्षा कमी कमाई, पण तिने अकरा वर्षं वाढवली. म्हणून पूर्ण निवृत्ती की पूर्ण नोकरी, असा प्रश्न उभा करू नका. साठीपर्यंत घरखर्चाचा किती भाग कमाईतून निघेल, हे ठरवा.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण भागाकाराची रीत हीच. उत्तर चाळीस वर्षांच्या पुढे आलं तर निर्धास्त निवृत्त व्हा. वीस ते चाळीस असेल तर साठीपर्यंत थोडी कमाई हवी. वीसच्या खाली असेल, तर कृपा करून पुन्हा नोकरी शोधा. पगार पहिल्याच्या निम्मा असला तरी चालेल.

पायरी ६: घर, वाडा आणि जमीन

राहतं घर या हिशेबात धरू नका. ते विकून जायचं कुठे? दांडिया बाजार, रावपुरा, वाडीतल्या वडिलोपार्जित वाड्यातला वाटाही नको, जोवर वाटणी होऊन कागद नोंदलेला नाही. चुलत भावंडांच्या सह्या मिळवण्यात वर्षं जातात. शिवाय जुन्या शहराच्या काही भागांत 'अशांत धारा' हा गुजरातचा कायदा लागू आहे. तिथे घर विकायला कलेक्टरची आधी परवानगी लागते. त्यामुळे 'गरज पडली की विकून टाकू' हा भरवसा धरण्यासारखा नाही.

भाड्याचं उत्पन्न मात्र जरूर धरा. फतेहगंजच्या बाजूला वरचा मजला असेल तर युनिव्हर्सिटीची मुलं राहायला मिळतात. वर्षाचे दहा महिनेच भाडं येईल असं मोजा आणि रंगरंगोटीचा खर्च वजा करा.

पायरी ७: पहिले सहा महिने पैसे जागेवरच

मोठी रक्कम खात्यात आली की बँकेतून फोन सुरू होतात. दहा वर्षं हप्ता भरायच्या विमा योजना, 'खात्रीचं' उत्पन्न, ओळखीतल्या कुणाची पतपेढी. सहा महिने सगळ्यांना एकच उत्तर द्या: अजून ठरलेलं नाही. पैसे दोन-तीन मोठ्या बँकांत एफडीत ठेवा. एका बँकेत एका खातेदाराच्या पाच लाखांपर्यंतच ठेव विम्याचं संरक्षण असतं, ते सहकारी बँकेत ठेवताना विशेष आठवा.

भाच्याच्या धंद्याला भांडवल, मुलाच्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट, हेही याच काळात समोर येतं. नाही म्हणणं जड जातं. वही समोर ठेवून बोललं तर ते सोपं होतं, कारण तुम्ही नातं तोडत नाही, फक्त आकडा दाखवता.

मग मांडणी साधी ठेवा. दोन-तीन वर्षांचा खर्च बँकेत आणि छोट्या एफडीत. बाजार पडला तरी या काळात म्युच्युअल फंड विकायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना एकट्याच्या नावावर ९ लाख, दोघांच्या नावावर १५ लाखांपर्यंत घेते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला साठ वर्षं लागतात, पण ५५ ते ६० च्या दरम्यान निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती उघडता येते. ही मुदत चुकली की साठीपर्यंत दार बंद. मर्यादा ३० लाखांची, आणि ८.२ टक्के दराने त्यावर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. काही भाग, चौथा किंवा तिसरा, शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत राहू द्या. चाळीस वर्षांचा पल्ला नुसत्या एफडीवर गाठता येत नाही. कराचा बाऊ करू नका: आयकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर पडत नाही. फंड विकून झालेला नफा वेगळा मोजतात. रिटर्न मात्र दरवर्षी भरा.

पायरी ८: ती थोडी कमाई कुठून

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटे कारखाने खूप आहेत. पूर्ण वेळ क्वालिटी मॅनेजर किंवा अकाउंटंट त्यांना परवडत नाही, पण आठवड्यातून दोन दिवस येणारा अनुभवी माणूस हवा असतो. जीएसटीचं काम, ऑडिटची तयारी, सेफ्टीचे कागद, मशिनची देखभाल, खरेदी. तीन युनिटांत दोन-दोन दिवस केलं तर वर धरलेला महिन्याच्या कमाईचा आकडा अवघड नाही. ज्यांना शिकवता येतं त्यांना आयटीआय आणि डिप्लोमा कॉलेजांत तासिका मिळतात, गणित-विज्ञानाच्या शिकवण्या आहेतच. जुन्या पुरवठादारांना आणि ग्राहकांना आधी फोन करा. ते तुमचं काम ओळखतात, आणि ओळख ताजी असते तोवरच कामं येतात. दोन वर्षं घरी बसून मग शोधायला निघालं, तर तेच फोन थंड लागतात.

बायको नोकरी करत नसेल आणि तिला काही करायची इच्छा असेल, तर तीही या हिशेबात बरोबरीने धरा. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, शिवणकाम, पाळणाघर. तिने आजवर न मोजलेलं काम आता मोजलं जाऊ द्या.

पायरी ९: सहा महिने राहून पाहा

निर्णय जाहीर करण्याआधी सहा महिने ठरवलेल्या आकड्यात जगून बघा. दर महिन्याच्या एक तारखेला एका खात्यातून घरखर्चाच्या खात्यात ३५,००० टाका, वर्षाच्या खर्चासाठीचे १५,००० वेगळ्या खात्यात. महिना संपायच्या आधी पैसे संपले तर कुठे संपले ते लिहा. पावसाळा किंवा नवरात्र-दिवाळी या सहा महिन्यांत येईल असं पाहा, म्हणजे खरी कसोटी लागते.

याच काळात सगळ्या खात्यांवर नॉमिनी नोंदवा, पीएफवरसुद्धा. इच्छापत्र करा. पासवर्ड, पॉलिसी, एफडीच्या पावत्या कुठे आहेत हे बायकोला आणि मुलीला बसवून दाखवा.

शेवटी दोघांनी मिळून वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहायचा: किती वर्षांचा खर्च शिल्लक राहिला की पुन्हा पूर्ण वेळ काम शोधायचं. वरच्या घरासाठी मी तो १८ वर्षं धरला असता. दर एप्रिलमध्ये शिल्लक रकमेला त्या वर्षाच्या खऱ्या खर्चाने भागा, उत्तर त्या पानावर तारखेसह लिहा, आणि साठीच्या आत ते १८ च्या खाली गेलं तर त्याच महिन्यात फोन फिरवायला सुरुवात करा.